स्मारकाच्या तिकिटावरचा शिक्का

पोस्टात त्यांना सगळे ठोकेदादा म्हणतात. एकतीस वर्षं ते एकाच टेबलाशी उभे आहेत. टेबलावर काळी रबरी पाटी, डावीकडे शाईची गादी, उजवीकडे पाकिटांची चळत. रोज सकाळी चिमट्याने शिक्क्यातले तारखेचे खिळे बदलायचे, वहीच्या पानावर एक ठसा उठवून आकडे वाचता येतात की नाही ते बघायचं, आणि मग सुरुवात. शाईवर एक, तिकिटावर एक, असा दुहेरी आवाज दिवसभर चालतो. मनगट सैल, कोपर अंगाशी. त्यांच्या शिक्क्यातली तारीख चष्म्याशिवाय वाचता येते, असं पोस्टमास्तर नव्या लोकांना सांगतात. ठोकेदादा त्यावर म्हणतात, "न वाचता येणारी तारीख टाकायची, तर शाई कशाला फुकट घालवायची?"

घरी ते आणि त्यांची वहिनी, दोघंच. थोरला भाऊ लढाईत गेला तेव्हा ठोकेदादा अकरा वर्षांचे होते आणि वहिनी विशीची. लग्नाला आठ महिने झाले होते. आईवडील आधीच गेलेले. वहिनीने शाळेचे गणवेश शिवायचं मशीन घेतलं, दिराला शिकवलं, पोस्टात चिकटवलं, त्याचं लग्न लावून दिलं, आणि त्याची बायको आजारात गेल्यावर पुन्हा घराचा कारभार हातात घेतला. एरवी ती त्यांना अरेतुरे करते. "भाऊजी, तुम्ही" असं सुरू झालं, की काहीतरी बिनसलंय हे समजायचं.

यंदा त्या लढाईच्या स्मारकाचं तिकीट निघालं. भिंतीसारख्या तीन शिळा, त्यांच्यामध्ये एक उंच खांब. त्या शिळांवर चार हजारांच्या वर नावं आहेत आणि भावाचं त्यांतलं एक. स्मारक दूरच्या शहरात. दोघं एकदाच जाऊन आले होते. वहिनीने तेव्हा नावावर बोट ठेवलं, अक्षरं नीट कोरली आहेत ना ते पाहिलं, आणि परतीच्या गाडीत डोळे मिटून बसली.

तिकीट विक्रीला येण्याच्या आदल्या दिवशी मास्तरांनी ठोकेदादांना एक नमुना घरी न्यायला दिला. वहिनीने मशीनचा दिवा लावला, भिंग घेतलं, आणि तिकिटावर वाकली.

"तिसरी शिळा. खालून पाचवी ओळ. हे बघ, हे."

ठोकेदादांनी पाहिलं. चित्रकाराने प्रत्येक शिळेवर अकरा बारीक रेघा ओढल्या होत्या. खऱ्या शिळेवर ओळी होत्या साठ.

"उद्या यांचीच गर्दी," ते म्हणाले. "पहिल्या दिवसाची पाकिटं मीच मारणार आहे. मास्तर म्हणाले, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

"काय करणार आहेस?"

"मारणार. म्हणजे तिकिटं मारणार."

वहिनीने भिंग खाली ठेवलं. "एकदा मारलंय त्यांना. भाऊजी, आता तुम्ही परत मारणार?"

"वहिनी, ती बोलायची पद्धत आहे. तिकीट मारतात, शिक्का मारतात. पोस्टात कुणी मरत नाही."

"त्यांच्या तोंडावर काळं फासायचं, ही कसली पद्धत?"

एकतीस वर्षं हा शब्द ते दिवसातून शंभर वेळा वापरत होते. त्यात दुसरं काही आहे हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

वहिनीला एक पत्र टाकायचं होतं. भावाच्या पलटणीतला कारकून म्हातारा होऊन तिकडे पलीकडच्या गावात मुलाकडे राहत होता. भावाची पेटी त्यानेच घरी आणून पोहोचवली होती. वर्षातून एखादं पत्र यायचं, जायचं. त्याला हे तिकीट लावून पत्र पाठवायचं, असं तिने ठरवलं होतं.

"माझ्या एका पाकिटावर नको मारूस," ती म्हणाली. "बाकीच्यांचं तू बघ. हे तेवढं त्याच्या हातात स्वच्छ पडू दे. एवढं करशील?"

ते हो म्हणाले. तिने आजवर त्यांच्याकडे दुसरं काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये रांग दारापर्यंत गेली. तिकिटं जमवणारे लोक पाकिटं छातीशी धरून उभे होते, जणू हातात कच्ची अंडी आहेत. "काका, कोपऱ्यावर घ्या हं, खांब वाचवा," असं जो तो सांगत होता. ठोकेदादांनी चारशेवर पाकिटं मारली आणि एकाही खांबाला शाई लागू दिली नाही. तिसऱ्या शिळेलाही नाही. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सवय म्हणून सांगितलं असतं.

दुपारी वहिनीचं पाकीट त्यांच्या चळतीत वर आलं. त्यांनी ते उचललं, आणि शिक्का न मारताच गठ्ठ्यात सरकवलं. नोकरीतला हा पहिलाच नियमभंग. शेजारचा सॉर्टर, म्हणजे गावागावांचं टपाल वेगळं लावणारा, म्हणाला, "दादा, ताल चुकला की हो!" कानाने त्याला कळलं होतं.

"हात दुखतोय," ठोकेदादा म्हणाले.

बाराव्या दिवशी कारकुनाचं उत्तर आलं. वहिनीने ते एकटीने वाचलं. ठोकेदादा कामावरून आले तेव्हा पत्र पुढे सरकवलं आणि म्हणाली, "वाचा भाऊजी."

अक्षर थरथरतं होतं, मजकूर सरळ. तिकीट पाहिलं, असं कारकुनाने लिहिलं होतं. स्मारक छान उतरलंय. पण त्याच्यावर कुणीतरी निळ्या पेनाने मोठी फुली मारली आहे. ती बघून जेवण गेलं नाही. वहिनी, त्या वेळी हजेरीचं पान माझ्याकडे होतं. जो परत आला नाही त्याच्या नावापुढे मीच अशी फुली मारत होतो. त्याच्याही नावापुढे मारली. तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. पाकिटावर शिक्का नाही, तारीख नाही. पुढचं पत्र शिक्क्यानिशी पाठवा.

ठोकेदादा खाली बसले.

"ही फुली कुणाची?" वहिनीने विचारलं.

"तिकडच्या पोस्टमनची. तिकीट कोरं दिसलं, की देताना त्याने पेनाने काट मारायची, असा नियम आहे. नाहीतर लोक तिकीट सोडवून परत वापरतात."

"तुला ठाऊक होतं?"

"होतं. मीच नव्या पोस्टमनना शिकवतो." ते म्हणाले, "त्या वेळी सुचलंच नाही. तुझं पाकीट कसं वाचवायचं, एवढंच डोक्यात."

वहिनी भांडली नाही. भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तुमच्या त्या शिक्क्यात असतं काय?"

"पोस्टाचं नाव, तारीख, वेळ."

"ह्यांचं असं काही आलं नव्हतं आपल्याकडे," ती म्हणाली. "तारेत होतं, चार ते नऊ तारखेच्या दरम्यान. सहा दिवसांत कधीतरी. कुठे, ते नव्हतंच." मग म्हणाली, "फुलीपेक्षा शिक्का बरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ती पोस्टात आली. आतल्या दाराने येत जा, असं मास्तर तिला नेहमी सांगत. ती रांगेत उभी राहिली. पुढे दोन माणसं होती. तिची पाळी आली तेव्हा तिने पाकीट थेट ठोकेदादांच्या टेबलाकडे द्यायला सांगितलं. पत्ता कारकुनाचा, तिकीट स्मारकाचं.

ठोकेदादांनी शिक्का शाईवर टेकवला आणि तिकिटाच्या कोपऱ्यावर धरला.

"कोपऱ्यात नको," काउंटरच्या जाळीतून ती म्हणाली. "चोरून केल्यासारखं दिसतं. नीट मार." आणि लगेच, "थांब. वेळ कुठली आहे त्याच्यात?"

"चारची. चारची डाक जायची आहे ना, तिची."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अजून वाजले नाहीत."

"वहिनी, तीननंतर सगळ्यांच्या पाकिटांवर चारच पडतात."

"सगळ्यांचं मला सांगू नका, भाऊजी. माझ्या पाकिटावर खरं पडू दे."

सॉर्टर हसू दाबत खाली बघू लागला. ठोकेदादांनी पाकीट जाळीतून परत दिलं. वहिनी ते मांडीवर घेऊन भिंतीलगतच्या बाकावर बसली. लोक येत होते, जात होते. कुणीतरी तिला डिंक कुठे आहे ते विचारलं, तिने दाखवलं. चारला पाच कमी असताना गाडीवाला पिशवी न्यायला आला. ठोकेदादांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"काय राहिलंय?" त्याने विचारलं.

"एक राहिलंय," ठोकेदादा म्हणाले, आणि काटा सरकायची वाट बघत उभे राहिले.