आलेल्या माणसाची गैरहजेरी

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, आणि सांगायचं राहून गेलं. देवापुढे बसलो की तेवढं सोडून बाकी सगळं बोलतो — लबाडच ना मी! आज तुला सांगतोय. अर्ध्यात उठून गेलास तरी माझी ना नाही.

पनवेल तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावाचा मी पोलीस पाटील. इंग्रज नुकताच गेला होता, पाटलाचा रुबाब मात्र तसाच होता. चावडीवर बसून मी नेहमी म्हणायचो, तुरुंगात चांगला फोडून काढा, माणूस पुन्हा वाकड्या वाटेला जात नाही. बोलायला काय जातं? पाठ दुसऱ्याची असते.

हसुराम आमच्यातलाच, मिठागरावर राबणारा. खाडीत जाळी लावण्यावरून भांडण झालं, त्यानं एकाचा हात मोडला आणि तुरुंगात गेला. तिथे नीट वागला म्हणून शेवटचं दीड वर्ष माफ झालं. अट एकच — रोज पाटलाकडे हजेरी द्यायची. चुकली, तर उरलेली शिक्षा भोगायला परत आत. आणि तो चुकला नाही, बरं का! आठ महिने रोज संध्याकाळी ओट्याखाली उभा राहायचा, "आलो पाटील," म्हणायचा आणि जायचा. पोशा मुकादमानं भरवसा टाकून त्याला कामाला घेतलं होतं. दारूला शिवत नव्हता, बायकोशी गोड होता. एवढं सरळ चाललेलं माणूस — मलाच का बघवलं नाही?

सांगतो. टाळत नाही — म्हणजे, टाळतोच आहे.

भाद्रपदातल्या अवसेचं उधाण आलं आणि शेतांच्या बांधाला खांड पडली. आमच्याकडे बांध फुटला की घरटी एक माणूस धावतो, मग भाऊबंदकी असो की सात पिढ्यांचं वैर. खारं पाणी भातात शिरलं की दोन-तीन वर्षं जमीन मेलीच. आणि खांड नेमकी कुणाच्या शेतासमोर? माझ्या. हसुराम सगळ्यांच्या पुढे छातीभर पाण्यात आडवा उभा राहिला, मागून लोक चिखल नि पेंढा टाकत होते. मी बांधावर. छत्री घेऊन! पाण्याला भ्यालो होतो रे. पाय टाकायची छातीच झाली नाही. त्यानं खालून मान वर केली आणि हसत म्हणाला, "पाटील, तुमी बी उतरा ना. शेत तुमचंच हाय!"

कुचकेपणानं नव्हता म्हणाला. पण सगळा गाव हसला. बायासुद्धा हसल्या. मी छत्री मिटून घरी आलो.

खांड बुजली आणि तो तसाच चिखलानं माखलेला थेट माझ्या ओट्याखाली आला. कुडकुडत होता. "आलो पाटील." मी म्हटलं, "बरं, जा, अंग धू." तो गेला. मग मी पनवेलच्या फौजदाराला कागद लिहिला — हसुराम आज हजेरीला आला नाही, कुठे होता ठाऊक नाही.

ठाऊक नाही! माझं भात वाचवत होता तो!

त्याला न्यायला आले तेव्हा गावाला वाटलं, बांधावर उशीर झाला, सरकारी नियम कडक असतात. मीही तेच सांगितलं. वर चार माणसांत हळहळलोसुद्धा. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्यापुढे चालू लागला. पाटलाच्या कागदापुढे त्याच्या बोलण्याला कोण विचारणार?

अट मोडलेला कैदी म्हणून या खेपेला त्याला दयामाया नव्हती. पायात बेड्या, दगड फोडणं, अंधारकोठडी. मी म्हणायचो ना, फोडून काढा — तसंच काढलं. दीड वर्षानं परत आला तेव्हा एका कानानं ऐकू येत नव्हतं, बायको माहेरी गेली होती, आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. तिसऱ्या दिवशी मिठागरावर जाऊन त्यानं काम मागितलं. पोशा बिचारा म्हणाला, "आदी पाटलांना इचारून ये." एवढंच. हसुरामनं तिथलं फावडं उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. पोशा जागीच गेला. ज्यानं त्याला पहिल्यांदा काम दिलं होतं, तोच.

फावडं त्याच्या हातात होतं, खरंय. पण त्याच्याआड मी लपायचं का? लपलो ना! कोर्टात साक्ष दिली — माणूस मुळातच माथेफिरू, दोनदा आत जाऊनही सुधारला नाही. त्याला जन्मठेप झाली. कागदाचं तेव्हाही बोललो नाही.

खटल्याच्या आधी, पोशाच्या दहाव्याला, त्याची बायको चांगुणा सगळ्यांदेखत माझ्यापुढे आली. रडून रडून डोळे सुजले होते. म्हणाली, "पाटील, त्याला आतमंदी आनखी मारायला पायजे व्हता ना? मंग तो सुदारला असता ना? माजा माणूस वाचला असता ना?"

मी म्हटलं, "हो गं बाई. मार कमी पडला."