भोक वरून की आतून

७ डिसेंबर १९८६, रविवार, सकाळी दहा. वादाची रक्कम एक रुपया, म्हणजे तेव्हाचा एका पंक्चरचा दर. हजर चौघे: आमच्या नेरूळच्या सोसायटीचे सेक्रेटरी, खजिनदार, मी आणि गेटबाहेर बसणारा पंक्चरवाला. जागा इमारतीखालचं सायकल स्टँड. पंक्चरवाला गिऱ्हाईक मिळवायला रस्त्यावर खिळे टाकतो, सबब त्याला गेटजवळून उठवावं, असा अर्ज टाइप होऊन तयार होता. आमच्या सह्या झाल्या की तो सोमवारी वसाहतीच्या कार्यालयात जायचा होता.

अर्जाला जोडलेला तक्ता माझा होता. इमारतीत सायकली नऊ. दसऱ्यानंतरच्या आठ आठवड्यांत पंक्चर पंधरा, त्याआधीच्या आठ आठवड्यांत सहा. मधल्या काळात नवीन घडलं होतं ते एवढंच, की शेजारच्या शिरवणे गावचा हा पन्नाशीचा माणूस पंप, घमेलं आणि पत्र्याची पेटी घेऊन आमच्या गेटशी बसू लागला होता. एवढा पुरावा मला पुरेसा वाटला होता.

सेक्रेटरींनी त्याला तक्ता वाचून दाखवला. त्याने तो उभ्यानेच ऐकला.

"जमीन तुमच्या बिल्डिंगीखाली गेली. आता ही पेटी हाय. हितून उठून कुठं बसू, ता पन लिवा कागदावर," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "साहेब, या पंधरांत तुमच्या किती?"

"नऊ."

"त्यातली मी एक तरी काढली का?"

नव्हती. मला त्याचा संशय होता, म्हणून सगळी पंक्चर मी घरीच काढली होती. सोल्युशन, पॅच, पॉलिश पेपर सगळं माझ्याकडे असे.

"मंग तुमच्यासाठी मी फुकट खिलं टाकतो होय?"

खजिनदार हसले. "घ्या. हा आपलंच ऑडिट करतोय."

"टायरात खिला गावला का कवा?" त्याने विचारलं.

तेही नव्हतं. माझ्या वहीत नऊ वेळा ‘खिळा आढळला नाही’ असंच लिहिलेलं होतं. खिळा टोचून बाहेर पडत असणार, असं मी धरून चाललो होतो.

"आनि भोक? वरशी का आतशी?"

वहीत तारीख, वार, वेळ, चाक पुढचं की मागचं, इतके रकाने होते. हा नव्हता. प्रश्नही मला नीट कळला नाही. माझी सायकल त्याच सकाळी मागच्या चाकातली हवा जाऊन तिथेच उभी होती. त्याने ती न विचारताच उलटी केली, टायर उतरवला आणि ट्यूब बाहेर काढली.

ट्यूबची बाहेरची बाजू टायरला टेकते, आतली बाजू रिमला. रस्त्यावरचा खिळा किंवा काटा पोचतो तो बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला भोक पडलं तर दोष चाकातच असतो. हे त्याने मला ट्यूबवर बोट ठेवून दाखवलं. मग घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवली. बुडबुडे आतल्या बाजूने आले. मी लावलेले जुने नऊ पॅचही त्याच बाजूला होते.

त्याने व्हॉल्व्ह रिममधल्या त्याच्या भोकात घालून ट्यूब परत रिमवर ठेवली. गळणारी जागा बरोबर एका स्पोकच्या टोकावर आली. त्याने माझा अंगठा धरून रिमच्या आतून फिरवला. टोकं हाताला बोचत होती.

"पट्टी कुठं हाय हितली?"

ट्यूबला बोचू नयेत म्हणून स्पोकच्या टोकांवरून रिमभर एक पट्टी बसवलेली असते. खंडेनवमीला मी सायकल खोलून धुतली होती. मागच्या रिममधून एक कुजलेली चिंधी निघाली, ती मी कचऱ्यात टाकली होती आणि रिम घासून चकचकीत करून पूजेला ठेवली होती. मी हे तिघांना सांगितलं.

"भक्ती नडली तुम्हाला," सेक्रेटरी म्हणाले. "पण बाकीची सहा पंक्चर? ती कोणाची?"

पंक्चरवाल्याने पेटीतून एक डबी काढून पालथी केली. लोकांच्या टायरमधून निघालेले खिळे त्याने जपून ठेवले होते. सगळे गंजलेले, वाकडे, काहींना सिमेंट चिकटलेलं. समोरच्या बांधकामावर स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या खिळ्यांसकट उपसून रस्त्याकडेला टाकत, हे आम्ही रोज बघत होतो.

मी तक्त्यातली माझी नऊ वजा केली. उरली सहा. आधीच्या सहांतलं माझं पुढच्या चाकाचं एक वजा केलं, उरली पाच. आठ सायकली, आठ आठवडे. पाचाची सहा झाली, एवढाच फरक.

"सही करताय की नाही, ते सांगा. मला बाजारात जायचंय," सेक्रेटरी म्हणाले.

मी तक्ता मागे घेतो म्हणालो. तक्त्याशिवाय अर्जात काही उरत नव्हतं. इमारतीतल्या ज्या तिघांनी आधीच सही केली होती त्यांच्या घरी मी त्याच दिवशी गेलो आणि चूक माझी होती हे सांगितलं. त्यातले एक म्हणाले, "तुमचे आकडे म्हणून मी वाचलंसुद्धा नव्हतं." पंक्चरवाला गेटशी राहिला.

तेव्हापासून मी ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची खूण करतो. म्हणजे ट्यूबचं भोक टायरच्या कोणत्या जागेचं ते कळतं, आणि अडकलेला काटा शोधता येतो. काटा आत राहिला तर पंक्चर काढून उपयोग नसतो. हवा दर शनिवारी भरतो. मऊ चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटते. पट्टी दोन वर्षांनी बदलतो, फाटलेली नसली तरी.

अर्जाच्या टायपिंगचे चार रुपये सोसायटीच्या खर्चातून गेले होते, ते मी त्या रविवारीच खजिनदारांना भरून दिले. पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूबची पट्टी कापून बसवली आणि स्पोकची टोकं कानशीने घासली. पट्टीचे पैसे तो घेईना. शेवटी त्याने घासण्याचे दोन रुपये आणि पंक्चरचा एक, असे तीन रुपये माझ्याकडून घेतले.