पैलवानाचा खांदा

लंडनजवळच्या हाउन्सलोत, आमच्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये नाटक ठरलं आणि बायबलमधल्या, शेवटी शत्रूच्या देवळाचे खांब पाडणाऱ्या बलवान वीरासाठी पाद्रीबाईंनी मला धरलं. मी एअरपोर्टच्या कार्गोत पेट्या उचलतो. तिथे मला पैलवान म्हणतात. "आम्ही बौद्ध आहोत, चालेल का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "खांब पाडायला धर्म लागत नाही." मी लगेच हो म्हटलं. कौतुक झालं की मला नकार देता येत नाही.

पण दोन महिने माझा उजवा खांदा ठणकत होता. हे मी घरी, कामावर, कुणालाच सांगितलं नव्हतं. पैलवानाने कसं सांगायचं?

वीराच्या प्रेयसीचं काम माझ्या बायकोला मिळालं. तालमीत मी वैतागलो. "ही बाई तीनदा दगा देते, तरी हा गडी चौथ्यांदा सांगतो की माझं बळ केसांत आहे? इतका भोळा?"

"भोळा नाही," बायको म्हणाली. "गुपित एकट्याने सांभाळून थकला असेल."

प्रयोगाला हॉल खचाखच भरला. मजा काय येत होती! विग घालून मी पुठ्ठ्याचा सिंह फाडला तेव्हा मुलं आनंदाने किंचाळली. मग तो प्रवेश आला. मी बायकोच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने इंग्लिशमध्ये विचारलं, "तुझं बळ कशात आहे?" माझी लाइनच गेली! तिने पुन्हा विचारलं, डोळे वटारले. आणि माझ्या तोंडून मराठीत निघालं, "अगं, बळ कसलं! दोन महिने हा हात वर जात नाहीये."

तिच्या हातातली कात्री तशीच राहिली. "अहो, आणि हे आत्ता सांगताय?"

लोकांना वाटलं, ही त्या काळची भाषा. टाळ्यांचा कडकडाट! पहिल्या रांगेतली आमची लेक मात्र ताडकन उभी राहिली.

वीराचे केस गेले, शत्रूंनी त्याला आंधळं केलं म्हणून माझ्या डोळ्यांवर पट्टी आली. शेवटी खांब. डावा हलला, उजवा हलेना. खांद्यातून अशी कळ गेली की मी गुडघ्यावर आलो. तेवढ्यात कानाशी बायकोचा आवाज आला, "तुम्ही नुसता हात ठेवा. मी ढकलते."

धडाड! खांब पडले, छत म्हणून बांधलेल्या चादरी आमच्या अंगावर आल्या. हॉल उभा राहून ओरडत होता, आणि चादरींखाली आम्ही दोघं धापा टाकत हसत होतो.

"बायबलमध्ये प्रेयसी खांब ढकलायला येत नाही," पाद्रीबाई हसून आलेलं पाणी पुसत म्हणाल्या.

लेक धावत आली. इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिचं तिचं. "बाबा, तुमची खांदा दुखते, मला का नाही सांगितला?"

सोमवारी मी सुपरवायझरला सगळं सांगितलं. त्याने मला पेट्या उचलण्याऐवजी स्कॅनिंगला बसवलं. डॉक्टरकडे गेलो, फिजिओथेरपीही सुरू झाली. लंचला आमच्यातला सगळ्यात धिप्पाड गडी शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "तुझ्या डॉक्टरचा नंबर दे ना. माझा गुडघा..."