धडधाकट कुत्र्याचं रक्त

"धडधाकट कुत्र्याचं रक्त कोण तपासतं गं?" दादा म्हणाला आणि हसला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

कुत्रा आम्हा भावाबहिणीचा. मरोळला माझ्या ऑफिसच्या गेटपाशी कुणीतरी सोडलेलं पिल्लू मी कांदिवलीला घरी आणलं, आणि कटकट करत का होईना, दादाने ते वाढवलं. लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा, अंगावर चरबी म्हणून नाही. सहा-सात वर्षांचा झाला तरी सगळे जिने धावत चढायचा. लसीसाठी मालाडच्या डॉक्टरबाईंकडे नेला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता वर्षातून एकदा रक्त तपासत जाऊ. काही झालंय म्हणून नाही. बरा असताना याचं रक्त कसं असतं, ते माहीत असलेलं बरं."

मला पटलं. दादाला नाही.

"बाई तुला बनवतायत. एकदम टकाटक आहे तो. उगाच सुया टोचू नकोस."

"आई पण टकाटकच होती," मी म्हटलं.

आई शेवटपर्यंत घर ओढत होती. तिचे पाय सुजलेले दिसले की मी म्हणायचे, तपासून घेऊ या. "माका काय धाड भरली हा?" ती म्हणायची, आणि दादा तिचीच बाजू घ्यायचा. म्हणे, कशाला घाबरवतेस तिला! किडन्या गेल्यात हे कळलं तेव्हा डायलिसिसशिवाय काही उरलं नव्हतं. तेही तिला झेपलं नाही.

दादा ताट घेऊन उठला. "आईला आणि कुत्र्याला एका पंगतीत बसवतेस? लाज वाटू दे जरा."

लाज! मला? दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्याला उपाशीपोटी घेऊन मी एकटीच निघाले. रिक्षावाले हळू करायचे, कुत्रा दिसला की सुटायचे. एकजण कसाबसा तयार झाला. दवाखान्यात पुढच्या पायावरचे थोडे केस भादरले, सुई आत गेली, कुत्र्याने माझ्या काखेत तोंड खुपसलं, आणि झालंसुद्धा. एवढ्यासाठी माझा भाऊ माझ्याशी भांडला होता.

रिपोर्ट चांगला आला. किडनीचा एक आकडा जरासा वर होता. डॉक्टरबाईंनी लघवीही तपासली आणि म्हणाल्या, "अशा सडपातळ, पीळदार कुत्र्यांचा असतो थोडा वर. याच्यासाठी हेच नॉर्मल." दादाने त्यातलं हवं तेवढंच ऐकलं. "बघ, निघालं काही?" मग गणपतीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्याने तो किस्सा ऐकवला. "आमच्या बहिणाबाईंचं डोकं बघा, चांगल्या कुत्र्याला आजारी करायला निघाली होती." लोक मोदक खात हसत होते आणि मी दात आवळून चहा देत होते.

दिवाळीच्या आधी कुत्र्याने खाणं सोडलं. उलट्या सुरू झाल्या, जिन्यात बसूनच राहिला. रविवार होता, बाईंचा दवाखाना बंद, आधीचा रिपोर्टही त्यांच्याकडेच. जवळच्या दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. त्याने रक्त काढलं, किडनीचा आकडा बघितला आणि मान हलवली. "किडनी गेलीय. फार आशा ठेवू नका."

दादा तिथेच फरशीवर बसला. "आईसारखंच झालं गं," म्हणाला आणि रडायला लागला. मला त्याची दया यायला हवी होती. मला फक्त ओरडावंसं वाटत होतं.

सोमवारी डॉक्टरबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. "किडनीचा आकडा होता तिथेच आहे. पण प्लेटलेट्स बघा, पार खाली आल्यात. टिक फिव्हर असणार, गोचिडांमुळे होतो तो." लगेच आणखी एक टेस्ट केली. तोच निघाला. त्यांनी गोळ्या दिल्या. आठवडाभरात या पठ्ठ्याने ओट्यावरून तळलेला बांगडा पळवला.

"नशीब बलवत्तर त्याचं," दादा म्हणाला.

मग मात्र माझा तोल सुटला. "नशीब? अरे, बरा असताना त्याचं रक्त काढलं होतं म्हणून कळलं! तू हसलास, मी घेऊन गेले. वर पाहुण्यांसमोर माझी थट्टा केलीस. नशीब कसलं डोंबलाचं!"

समोरच्या वहिनी दार उघडून बघायला लागल्या. बघू देत. कुत्र्याला मांडीवर घेऊन त्याच्या कानामागचे केस बाजूला करत दादा गोचीड शोधत राहिला. मी अजून बोलतच होते.