सुनंदावहिनीची मूठ

चार बायका एका खोलीत साड्यांना लेस लावायला बसल्या, की साड्यांपेक्षा किस्सेच जास्त निघतात. गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीत यंदाचे सगळे किस्से मात्र सुनंदावहिनीच्या इंजेक्शनचे. आधी आम्ही पोट धरून हसायचो.

पुतण्याच्या लग्नात बारीक दिसायचं म्हणून वहिनीनं जिमवाल्याकडून वजन उतरवायचं पेन आणलं. डॉक्टरला विचारलंच नाही! सासूला दिसू नये म्हणून ते आमच्या फ्रिजमध्ये, छासच्या पिशव्यांमागे. दर सोमवारी पदर सारून पोटात टोचायची. हळूहळू ती जेवणाचा डबा उघडून नुसती बघत बसायला लागली.

"भूक लागत नाही का?" मी विचारलं.

"अगं, भूक कशी असते तेच आठवत नाही," म्हणाली.

*

एकदा मार्केटमधून शेठचा फोन. "बहनजी, साड़ी में चूड़ी निकली है।" वहिनीच्या हातातून कधी गळली, तिलाही कळलं नव्हतं. आम्ही तिला खूप चिडवलं.

मग पुन्हा फोन. या वेळी लेसखाली केस शिवलेले निघाले, लांब, मुळासकट. त्या दिवशी कुणी चिडवलं नाही.

*

लग्नात तिची सख्खी मावसबहीण तिच्याच शेजारी बसून मला विचारत होती, "सुनंदा नाही आली का?"

वहिनी हसली. खूश झाली होती! मला मात्र तिचे दात फार मोठे वाटले.

*

मग एक दिवस मशीनवरच पोट धरून कोसळली. दवाखान्यात डॉक्टर चिडलेच. स्वादुपिंडाला सूज आली होती, अजून उशीर झाला असता तर हाती लागली नसती. पेन मी स्वतः फेकून दिलं. वहिनी घरी आली, भूक तेवढी आली नाही. खरं सांगते, मला तिची काळजी वाटायची आणि भीतीही.

*

श्रावणात वहिनीच्या घरी कानबाई देवी बसली. तिच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, आणि ते रोट घरच्यांनीच संपवायचे. वहिनी मला म्हणाली होती, "माझ्या वाटचा रोट गेला ना पोटात, तर समज मी बरी झाले."

सासूबाई एकेक नाव घेऊन सुपात गहू टाकत होत्या. त्यांची नजर चांगली, डोकं त्याहून चांगलं. मुलगे झाले, नातवंडं झाली, धाकटी सून झाली. हात थांबला.

मी म्हटलं, "मावशी, सुनंदावहिनीची मूठ राहिली."

सूप धरून वहिनीच समोर बसली होती. सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग परक्या पोरीला कुणाची म्हणून विचारावं तसं मायेनं तिलाच म्हणाल्या, "सुनंदा ते कवयनीच गयी, माय. तू कोननी शेस?"