टोपली खाली ठेवायची नाही

आमच्या घरात मीठ सोडलं तर कशाचीच रेलचेल नव्हती. आई ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरात कामाला. डोक्यावर मिठाची भरलेली टोपली घेऊन ती दिवसभर बांधावरून दुडक्या चालीने ये-जा करायची. तिच्या टाचांना कायमच्या भेगा. त्या टाचांच्या जिवावर मी बी.कॉम. झाले, घराण्यातली पहिली.

पुढे नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात एकवीस किलोमीटरच्या शर्यतीचं खूळ शिरलं. साहेबलोक फॉरेनचे बूट घालून तलावाला दोन फेऱ्या मारायचे आणि दिवसभर त्या फेऱ्यांवर भाषण द्यायचे. मी नाव दिलं तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, "मॅडम, परतीच्या रिक्षाला सुटे ठेवा हं!" सगळे खिदळले. आता शर्यत पुरी करणं भागच होतं.

आई म्हणाली, "बारकी पावलं टाक गो. नि मधी थांबू नको. टोपली एकदा खाली ठेवली का परत उचलून द्याला कोन येत नाय." तीन महिने मी बांधावर तशीच पळाले, साध्या कॅनव्हासच्या बुटांत.

शर्यतीत साहेबलोक सुसाट सुटले. घोडबंदर रोडच्या चढावर मला भेटले, कमरेवर हात ठेवून ग्लुकोज पीत उभे. परत पळायला गेले आणि पोटऱ्या धरून खालीच बसले. हेडक्लार्क तर रिक्षाच शोधत होते.

"सुटे आहेत ना?" मी पळता पळताच विचारलं.

मी एकदाही थांबले नाही. आमच्या ऑफिसातून एकवीस किलोमीटर पुरे केले ते मी एकटीने.