तलवार पोरीच्या हातात, पुस्तक पोरांच्या कपाटात

मंडळी, आज डोकं जाम फिरलं आहे.

सकाळी चौदा वर्षांच्या भाचीला, रमाला, घेऊन पुलगावातल्या एका वाचनालयात गेले होते. तिनं एक जाडजूड कादंबरी काढली. मुखपृष्ठावर ड्रॅगनवर बसलेली, तलवार उगारलेली मुलगी.

ग्रंथपाल काकांनी ती काढूनच घेतली. "बेटा, हे पोराईचं कपाट हाय. तुले रांगोळीचं देतो."

मी विचारलं, "वाचलंय का तुम्ही हे?"

"वाचाचं काय त्यात? तलवार दिसून नाई राह्यली काय?"

रमा म्हणाली, "काका, तलवार त तिच्याच हातात हाय. मंग पुस्तक पोराईचं कसं?"

काकांनी पुस्तक आत ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

तुमच्या गावच्या वाचनालयात मुलींच्या कपाटात काय ठेवलंय, एकदा बघून सांगाल?